जिना उलटा उतरणारा पाहुणा

छत्तीस वर्षांच्या त्या माणसाला अख्खा क्लब ‘म्हातारा’ म्हणायचा. मी तेव्हा बहात्तर वर्षांची, बरोबर दुप्पट. त्यामुळे माझ्या पाठीमागे मला काय म्हणत असतील याचा विचारच मी सोडून दिला. फुटबॉलमध्ये माणूस केळ्यासारखा पिकतो. काल हिरवा होता, आज डाग पडले, उद्या कोणी हात लावत नाही.

तो माझ्या दारात आला तेव्हा एका हातात बॅग आणि काखेत उशी. स्वतःची उशी. पाहुणा स्वतःची उशी घेऊन येतो म्हणजे तुमच्या उशीवर त्याचा भरवसा नाही, आणि मी आयुष्यभर घर चालवलेली बाई, मला ते तिथल्या तिथे झोंबलं. पण दार उघडलं होतं माझ्या नातवानं. त्याला बघून नातवाचा चेहरा असा उतरला, की मी उशीचं दुःख जरा बाजूला ठेवलं.

हा माणूस नातवाच्या जागेवर आला होता.

नीट सांगते. आमचं घर मैदानापासून दोन गल्ल्या अलीकडे. वर एक खोली आहे, ती क्लब वापरतो. दरवर्षी लांबून आलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं माझ्याकडे ठेवायचे. हातापायांनी लांब, भूक राक्षसाची, आणि पहिले आठ दिवस उशीत तोंड खुपसून रडायची. मी त्यांना खायला घालायचे आणि रडलेलं दिसलं नाही असं दाखवायचे. मग आमचा क्लब लीगच्या वरच्या वर्गात चढला. गावभर मिरवणूक झाली, आणि पुढच्याच महिन्यात ऑफिसातल्या बाईचा फोन आला, की यंदा पोरं नाहीत, साहेब म्हणतात पोरं वाढवायला वेळ नाही, एक मोठा खेळाडू येईल, त्याला घर मिळेपर्यंत ठेवून घ्या. कोण ते मी विचारलं नाही. क्लब पाठवेल त्याला ठेवायचं, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं.

माझी मुलगी क्लबच्या धुलाईखान्यात. जावई परगावी कामाला म्हणून गेला तो गेलाच, तेव्हापासून ती आणि तिचा मुलगा माझ्याकडे. नातू आठ वर्षांचा असल्यापासून क्लबात खेळतो. गोलकीपरच्या पुढे, बचावाच्या बरोबर मध्ये त्याची जागा. येईल त्याला अडवायचं, एवढंच काम. त्या वर्षी तो एकोणीस वर्षांचा होता. त्याच्या जागेवरचा आधीचा माणूस खेळ सोडून गेला तेव्हा सगळे म्हणाले, आता याचीच पाळी. आमच्या क्लबात अजून जुनी पद्धत आहे, जागेप्रमाणे नंबर. मधल्या बचावाचा शर्ट पाच नंबरचा. माझ्या मुलीनं कुणाला न विचारता त्या शर्टाची शिवण खांद्यात आत घेऊन ठेवली, कारण पोराचे खांदे अजून भरलेले नाहीत.

आणि साहेबांनी म्हातारा आणला. मुलीला सगळी शिवण उसवावी लागली. उसवताना ती त्याला जे जे म्हणाली ते मी इथं लिहीत नाही.

साहेब म्हणजे आमचे कोच. सडपातळ माणूस, दिवसभर च्युइंगम चघळतो, आणि चघळणं थांबलं की समजायचं काहीतरी बिनसलंय. मी त्यांना एकदा धुलाईखान्याच्या दारात गाठून विचारलं होतं, की आपली पोरं असताना बाहेरून जुनी माणसं कशाला. ते शांतपणे म्हणाले, “आजी, पोरं चुका करत शिकतात. त्यांचं शिकून होईपर्यंत माझी नोकरी राहत नाही.” त्यांचं खरं होतं, त्याचाही राग आला.

आता पुढचं महत्त्वाचं. नातवाचा करार त्याच हंगामाच्या शेवटी संपत होता. तोवर पहिल्या संघात खेळून दाखवलं तर ठेवणार, नाही तर पाठीवर थाप मारून शुभेच्छा देणार. शुभेच्छा मिळालेली पोरं मी पाहिली आहेत. एक आता बस चालवतो, एक फ्रिज दुरुस्त करतो. वाईट नाही त्यात काही. पण दोघंही आमच्या गल्लीतून जाताना मैदानाच्या बाजूला बघत नाहीत.

तर असा हा माणूस माझ्याच छपराखाली, माझ्याच ताटात.

“शत्रूला घरात घेतलंस,” मुलगी म्हणाली.

“घेतला नाही, आला,” मी म्हणाले. “आता जाईल असं बघू.”

मग मी जेवणात मीठ घालायला विसरू लागले. वरच्या खोलीची न लागणारी खिडकी तशीच ठेवली. त्याच्या आंघोळीच्या वेळेला माझं कपडे भिजवायचं काम निघायचं. त्यानं खिडकीच्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या. आंघोळ क्लबात करून यायला लागला. आणि एका दुपारी, बिनमिठाचे बटाटे समोर आल्यावर, त्यानं खिशातून मिठाची छोटी बाटली काढली, शिंपडलं आणि बाटली परत खिशात ठेवली.

“आजी, ही माझी अकरावी खोली,” तो म्हणाला. “तुमच्याहून तयारीच्या बायकांनी मला उपाशी ठेवायचा प्रयत्न केलाय.”

मला हसू आलं होतं. मी ते दाबलं आणि भांडी घासायला गेले.

पण तो मिठावर थांबला असता तर ठीक होतं. जेवताना तो नातवावर सुरू व्हायचा. साधं बोलायचा, आवाज न चढवता, म्हणून जास्त लागायचं. म्हणायचा, तुमचा नातू बॉलची वाट बघतो, लोक बसची बघतात तशी. म्हणायचा, पाय देवानं दिलेत, तोंड मात्र शिवून पाठवलंय. नातवाचं नाव त्यानं मौनीबाबा ठेवलं आणि आठवड्याच्या आत सगळा क्लब त्याला मौनीबाबा म्हणू लागला.

पोरगा गप्पच आहे, ते खरं. बाप गेल्यापासून बोलणं कमी झालं, आणि उरलंसुरलं मी कमी केलं. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, ओरडायचं नाही, हे मीच शिकवलं आणि शेजारपाजारी मिरवलंही. पण मधल्या बचावाला म्हणे ओरडावं लागतं. सगळा खेळ त्याच्या डोळ्यांसमोर असतो, पुढच्यांना मागचं दिसत नाही, यानं सांगायचं, तू डावीकडे सर, तू मागे ये. आमचा पोरगा मैदानावर वयानं मोठ्या माणसाला म्हणायचा, “काका, जरा इकडे येता का?” तेवढ्यात बॉल जाळ्यात.

एक दिवस नातू सरावावरून आला तो लंगडत. मोजा खाली केला तर नडगीवर जांभळा डाग, अंड्याएवढा. कोणी मारलं ते त्यानं सांगितलं नाही, म्हणजे सांगितलंच. मी जिना चढून वर गेले. म्हातारा खाटेवर बसून त्याच्या मुलीशी फोनवर बोलत होता. त्याची बायको-मुलगी दूर तिसऱ्याच शहरात. ती मुलगी फोटोंतून मोठी झाली, असं तो नंतर एकदा म्हणाला. त्यानं फोन ठेवेपर्यंत मी दारात उभी राहिले.

“माझ्या नातवाला तुम्ही मारलंत?”

“मारलं.”

“का?”

“शनिवारी सामन्यात कोणीतरी मारेलच. तो माझ्याहून जोरात मारेल.”

“निदान माफी तरी मागितलीत?”

“तो पण मागणार नाही,” म्हातारा म्हणाला.

मी त्याला सांगितलं, की माझ्या घरात राहून माझ्या पोराला लाथा घालणाऱ्याला मी जेवण वाढते हा माझा मोठेपणा आहे, आणि मोठेपणा संपत आलाय. तो म्हणाला, जेवणात मीठ नाही तोवर मोठेपणाचं फार बोलू नका. अशी आमची घसट.

एका सकाळी मी लवकर उठून चहा ठेवला होता. जिन्यावरून चमत्कारिक आवाज येऊ लागला. टप्, मग शांतता, मग पुन्हा टप्. मी डोकावले तर म्हातारा पाठ माझ्याकडे करून, दोन्ही हातांनी कठडा धरून, शिडीवरून उतरावं तसा एकेक पायरी उलटा उतरत होता. उजवा गुडघा वाकतच नव्हता. खाली पोचून तो वळला आणि मला बघून थांबला.

“पाहिलंत?”

“पाहिलं.”

“मग?”

“चहा निवतोय,” मी म्हणाले.

दया आली म्हणून गप्प बसले असं कुणी समजू नये. शेजारणीचं एखादं प्रकरण कळलं की आपण ते लगेच खर्चत नाही, तसं मी ते ठेवलं होतं. चहा पिताना त्यानंच सांगितलं, की सकाळी असं होतं, तासाभरानं सांधा सुटतो. आणि अजून एक सांगितलं. त्याच्या करारात एक अट होती. हंगामात ठरलेले इतके सामने सुरुवातीपासून खेळला तर करार आपोआप एक वर्ष वाढणार. त्या एका वर्षासाठी तो हे सगळं करत होता. मी म्हटलं, घरी जा की, बायको आहे, मुलगी आहे. तो म्हणाला, तिथं मला कोणी ओळखत नाही, आजी, आणि मला दुसरं काही येत नाही.

“मग शिका,” मी म्हणाले.

“या वयात?”

“मी सत्तरीत ऑफसाइड शिकले.”

त्यावर मात्र त्यानं मान खाली घालून चहा प्यायला.

ते उलटं उतरणं नातवानंही पाहिलं होतं. त्यानं आईला सांगितलं, आणि ती माझ्या मागे लागली, की आई, फिजिओला सांग, साहेबांना सांग, एका शब्दात काम होईल. मी म्हटलं नाही. या माणसाला मी तोंडावर वाट्टेल ते बोलेन, पण घरातला जिना घरातच राहील. आपल्या छपराखाली झोपलेल्या माणसाचं बाहेर नेऊन सांगायचं नसतं. मुलगी म्हणाली, तुझ्या या असल्या शिकवणीनंच पोरगा मुका झालाय. ती रागानं ताट न धुता गेली. नातू नेहमीसारखा काही बोलला नाही. मी समजले ऐकलं.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या खोलीत गेला आणि सांगून आला.

काय झालं ते मुलीनं धुलाईखान्यातून आणलं. साहेबांनी कागदातून डोकं वर काढलं नाही. म्हणाले, “गुडघा चांगला असता तर तो आपल्याकडे आला असता का?” त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गुडघ्यासकटच घेतला होता. मग सरावाच्या आधी सगळ्यांसमोर ते म्हणाले, आपल्या क्लबात एक नवा डॉक्टर तयार होतोय, आणि कोणाला कुठं दुखतंय ते त्याला विचारा. त्या दिवशी सरावात नातवाला कोणी बॉल दिला नाही. कपडे बदलायच्या खोलीत त्याच्या शेजारचा बाक रिकामा राहिला. पाण्याची बाटली मागितली तर ती दुसरीकडे फेकली.

संध्याकाळी म्हातारा जेवायला खाली आला. मला वाटलं ताट भिरकावेल. मी मुद्दाम स्टीलची ताटं काढली होती. पण तो बसला, जेवला, हात पुसले, आणि नातवाकडे बघून म्हणाला, “इतके महिने सांगतोय, तोंड उघड. उघडलंस, पण कुठे, तर साहेबांच्या खोलीत.”

नातू उभा राहिला. आमच्या घरात त्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. “तुम्ही माझी जागा खाल्लीत. माझ्या घरात येऊन, माझ्या आजीच्या हातचं खाऊन. आणि वर मलाच शिकवता.”

“जागा तुझी होती? कोणी दिली होती?” म्हातारा जागचा हलला नाही. “मी चौदाव्या वर्षी क्लबात गेलो. माझ्या पुढे एक जण होता. दहा वर्षं त्यानं मला बाकावर बसवलं आणि दहा वर्षांत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मग त्याचा पाय मोडला. मी आत गेलो आणि मला काहीच येत नव्हतं. मी तुला निदान शिव्या देतो.”

“मला तुमच्या शिव्या नकोत.”

“मग तू दे. इथं नको, तिथं दे.”

मुलगी म्हणाली, बस झालं नाटक, उद्यापासून यांनी क्लबातच जेवावं. म्हातारा म्हणाला, तिथलं जेवण इथल्यापेक्षा बरं असतं तर कधीच गेलो असतो. तीच काय ती त्यानं माझ्या स्वयंपाकाची केलेली स्तुती.

दुसऱ्या दिवसापासून नातू मैदानावर ओरडायला लागला. शिकायचं म्हणून नव्हे. त्या माणसाचा पाणउतारा करायला. धुलाईखान्याची खिडकी मैदानावर उघडते, मुलगी रोज ऐकून यायची आणि भाजी चिरताना मला सांगायची. म्हणे, “काका, उजवीकडे वळता येत नाही ना, मग वळू नका, मागे राहा.” म्हणे, “काका, तुमच्या मागून गेला तो, झोपलात का.” गुडघ्याचं त्याला सगळं पाठ होतं, कुठल्या बाजूला अडतो, किती वेळात सुटतो, आणि तो ते सगळ्यांसमोर बोलायचा. पोरं हसायची. म्हातारा शिव्या द्यायचा, पण पोरगा सांगेल तिथं सरकायचा, कारण सांगितलेलं खरं असायचं. महिनाभरात अशी वेळ आली, की सरावात त्या दोघांमधून कोणी पलीकडे जाईना. मुलगी म्हणाली, आज साहेबांचं चघळणं थांबलं होतं, पण रागानं नव्हे.

घरी मात्र दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. मीठ हवं असेल तर म्हातारा मला म्हणायचा, तुमच्या नातवाला मीठ द्यायला सांगा. नातू म्हणायचा, त्यांच्या खिशात आहे म्हणावं.

हंगाम संपायला दोन सामने उरले आणि आमचा क्लब पुन्हा खालच्या वर्गात जायच्या काठावर. त्यात म्हाताऱ्याच्या जोडीला खेळणाऱ्या बचावपटूला लाल कार्ड मिळालं आणि तो उरलेल्या सामन्यांना बाहेर बसला. साहेबांकडे दुसरा माणूस नव्हता. नातवाला सहा नंबरचा शर्ट देऊन म्हाताऱ्याच्या शेजारी उभं केलं. बरोबरी झाली तरी क्लब वाचणार होता.

मी त्या दिवशी मैदानात गेले. एरवी मला तो गोंगाट सोसत नाही. पण त्या दिवशी गोंगाटात एकच आवाज होता आणि तो माझ्या नातवाचा होता. “काका, मागे. काका, माझ्याकडे काय बघता, त्याच्याकडे बघा. अहो, हला.” शेजारची बाई हसून मला म्हणाली, काय उद्धट पोर आहे, कोणाचं आहे? मी म्हटलं, काय माहीत बाई.

शेवटी-शेवटी समोरचा एक जण वाऱ्यासारखा सुटला. म्हातारा त्याच्याकडे वळला आणि तो पाय जिथल्या तिथे अडकला, जिन्यावर अडकायचा तसाच. म्हातारा जमिनीवर. पण नातू आधीच त्याच्या मागे पोचला होता. कुठे अडकणार ते त्याला माहीतच होतं. त्यानं बॉल मैदानाबाहेर घालवला आणि खाली पडलेल्या माणसाला हात द्यायच्या ऐवजी म्हणाला, “उठा, कॉर्नर आहे.”

गोल झाला नाही. क्लब वाचला. लोक नाचले. हे दोघं त्या कॉर्नरवरून भांडत घरी आले आणि माझ्या टेबलावर चमचे, कप आणि ती मिठाची बाटली मांडून पुन्हा भांडले. बाटली म्हणजे म्हातारा, ती कुठं उभी राहायला हवी होती यावर वाद. त्या दिवशीच्या रश्श्यात मी मीठ घातलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हाताऱ्यानं सवयीनं वरून आणखी घातलं आणि खारट म्हणून मलाच नावं ठेवली.

आता उरला शेवटचा सामना. हरलो काय, जिंकलो काय, कुणाचं काही जाणार नव्हतं. फक्त म्हाताऱ्याचं जाणार होतं. त्या अटीला त्याचा एकच सामना कमी होता.

आमच्याकडे संघ कोण खेळणार ते सगळ्यांच्या आधी धुलाईखान्याला कळतं, कारण शर्ट तयार करायचे असतात. आदल्या दिवशी दुपारी मुलगी घरी आली, पिशवीतून पाच नंबरचा शर्ट काढला, सुई ओवली आणि खांद्याची शिवण आत घ्यायला बसली. मी विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं? वर्षभर मी हेच मागितलं होतं.

म्हातारा पाण्याची बाटली भरायला खाली आला. त्यानं शर्ट पाहिला, सुई पाहिली. बराच वेळ नळ नुसता वाहत राहिला.

“अजून थोडा आत घ्या,” तो मुलीला म्हणाला. “धावताना फुगतो.”

मुलीनं मान वर केली नाही. तिचा टाका मात्र चुकला, तो तिनं पुन्हा घातला.

नातू आला तेव्हा त्याला साहेबांनी सांगितलेलं होतं. दारातूनच तो म्हणाला, की मी खेळणार नाही, साहेबांना तसं सांगणार आहे. मला वाटलं म्हाताऱ्याला बरं वाटेल. तो भडकला. वर्षभरात एवढा भडकलेला मी त्याला पाहिला नव्हता.

“वा. आता उपकार करतोस माझ्यावर? तू नाही म्हणालास तर मला खेळवतील? ऑफिसातल्या कारकुनाला मैदानात उभा करतील, पण मला नाही. उद्या मी खेळलो तर पुढचं वर्षभर मला पोसावं लागेल त्यांना. आणि तुझा करार गेला की दोघं घरी. तू तुझ्या, मी माझ्या. त्यातून मला काय मिळणार, तुझं तोंड बघायला?”

“मला तुमच्यामुळं मिळालेलं नको.”

“माझ्यामुळं काही मिळत नाही. माझा गुडघा त्यांना नको, तुझा पाहिजे. बस्स.”

नातवानं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी औषध घ्यायचं की नाही ते माझ्या तोंडाकडे बघून ठरवायचा, तसं. मी म्हणाले, खेळ. एवढंच म्हणाले आणि आत जाऊन उगाच डब्यांची झाकणं घट्ट करत बसले.

सामना आम्ही हरलो. नातवाच्या चुकीनं एक गोल झाला, त्यानंतर मात्र तो शेवटपर्यंत ओरडत राहिला, शेजारी उभ्या असलेल्या अठरा वर्षांच्या नवख्या पोराला जागेवरून हलवत, घसा बसेपर्यंत. म्हातारा बाकावर होता. वर्षभर ज्याचं तोंड बंद झालं नाही तो माणूस तिथं एक शब्द बोलला नाही. फक्त तो गोल झाला तेव्हा त्याचा उजवा पाय बाकाखाली जरासा सरकला, जणू तो तिथं पोचणार होता.

नातवाला दोन वर्षांचा करार मिळाला. म्हाताऱ्याला साहेबांनी पाठीवर थाप मारली. आणि त्याच आठवड्यात क्लबानं जाहीर केलं, की पुढच्या हंगामासाठी मधल्या बचावाला एक अनुभवी खेळाडू येतोय, वय चौतीस. मुलीनं ते ऐकून पाच नंबरचा शर्ट घडी करून कपाटात अगदी मागे ठेवला आणि म्हणाली, ही शिवण आता मी उसवणार नाही. साहेबांना हे अजून कळलेलं नाही. कळेल तेव्हा च्युइंगम थांबेल.

म्हातारा सकाळीच निघाला. सकाळ म्हणजे त्याच्या गुडघ्याची वाईट वेळ. मी जिन्याखाली उभी होते. आधी नातू बॅग घेऊन उतरला. मागून म्हातारा, पाठ आमच्याकडे, हात कठड्यावर, काखेत उशी.

नातू खाली थांबला, वर बघत. “डावा,” तो म्हणाला. “आता उजवा. थांबा, ती पायरी झिजलीय, आतल्या बाजूला ठेवा.”

“ऐकू येत नाही,” म्हातारा पाठमोराच म्हणाला. “मोठ्यानं बोल.”

“आतल्या बाजूला,” नातू ओरडला. गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

खाली आल्यावर त्यानं कुणाचा हात हातात घेतला नाही. मला म्हणाला, आजी, खिडकी दुरुस्त करून घ्या, पुढचा थंडीनं मरेल. मी म्हटलं, तुम्ही मेला नाहीत, तो कशाला मरतोय. मुलीकडे बघून त्यानं मान हलवली. नातवाला म्हणाला, तो गोल तुझा होता. नातू म्हणाला, माहीत आहे. मग तो टॅक्सीत बसला आणि गेला.

मी वर गेले खोली आवरायला. वर्तमानपत्राच्या घड्या खिडकीत तशाच होत्या. मिठाची बाटली टेबलावर होती, रिकामी. आणि खाटेवर त्याची ती चपटी, डाग पडलेली, अकरा खोल्या फिरलेली उशी.

माझी नव्या कापसाची उशी तो घेऊन गेला होता.